संकटांची आवक

अमेरिकेतील हजारांवर महाविद्यालये ज्या ‘कॉमन अ‍ॅप’ नामक सामायिक अर्जावर आपले दरवाजे किलकिले करतात, त्या अर्जात उमेदवाराने आपल्यावर ओढवलेले संकट, त्याचा परिणाम आणि त्यातून लाभलेला बोध 250 ते 650 शब्दांच्या हद्दीत सादर करावा, असा निबंधाचा एक पर्याय ठेवलेला आहे. तजवीज रास्तच म्हणावी लागेल. दुःखाची हद्द आधीच आखून दिली म्हणजे दप्तराची सोय होते. पंचाईत होते ती ज्यांच्यावर काहीच ओढवले नाही, अशा सुखवस्तू अभाग्यांची. पुण्या-मुंबईतील ज्या घरात आजी-आजोबा ठणठणीत, वडिलांची नोकरी शाबूत आणि चिरंजीवांना गणितात पैकीच्या पैकी गुण, तेथे मातोश्री चिंताक्रांत होऊन ‘अरे, तुला लहानपणी कांजिण्या तरी झाल्या होत्या ना?’ अशी चौकशी आरंभतात, आणि भरभक्कम शुल्क घेणारे समुपदेशक त्या कांजिण्यांतून नेतृत्वगुणांची निष्पत्ती करून देतात. ज्याचे घर खरोखर पुरात गेले, तो मात्र बहुधा तीन वाक्यांत आटोपतो: पाणी आले, ओसरले, चिखल काढला. बोधाअभावी त्याची किमान शब्दसंख्याही भरत नाही.

2023 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशनीती अवैध ठरवली, परंतु वंशाचा आपल्या आयुष्यावर झालेला परिणाम निबंधात कथन करण्याची मुभा कायम ठेवली. म्हणजे जे रकान्यातून हद्दपार झाले ते गद्यात रुजू झाले, आणि समुपदेशकांना आणखी एक प्रकरण मिळाले.