सैतान : पंधरा मार्कांसाठी

विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ अभ्यासाला लागली तर घाबरून जाऊ नये. बेटावर अडकलेली शाळकरी पोरं, माणसाच्या मनातला काळोख वगैरे भानगड तिच्यात आहे खरी. पण गाइड नीट निवडलं तर अंगाला काही लागत नाही.

आधी वहीच्या पानावर उभी रेघ ओढावी. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ. शंख म्हणजे लोकशाही. पिगी म्हणजे विवेक, त्याचा चष्मा म्हणजे विज्ञान. काठीवर खोचलेलं डुकरिणीचं मुंडकं म्हणजे सैतान. राल्फ संस्कृती, जॅक रानटीपणा. झाली कादंबरी. बारा प्रकरणं ज्यांना हौस असेल त्यांनी वाचावीत. वर्गात एखादा सायन्सवाला उठतोच : पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे भिंगं अंतर्वक्र, त्यांनी ऊन एकवटत नाही, मग त्या चष्म्याने बेटावर आग पेटली कशी? मुद्दा बिनतोड आहे. त्याला खाली बसवावं.

मग लेखक-परिचय. जन्म १९११, कादंबरी १९५४, नोबेल १९८३. हस्तलिखित प्रकाशकाच्या वाचकाने रद्दीत काढलं होतं, चार्ल्स मॉन्टीथ या संपादकाने ते वाचवलं, हेही लिहावं. नापासांना धीर येतो. १९४४ साली नॉर्मंडीच्या चढाईत गोल्डिंग नौदलात होते, यावर अर्धं पान भरावं. ते सॉल्सबरीच्या शाळेत मास्तर होते, हे मात्र ओझरतं. समोर रोज बसणारी पोरं बघून मास्तराने असलं काही लिहावं, हे तपासणाऱ्या मास्तरांना रुचेलच असं नाही.

खरी अडचण त्या पोरांतल्याच सायमनच्या मृत्यूची. वादळी रात्र, पोरांचा रिंगण धरून नाच. डोंगरावरचं ‘जनावर’ म्हणजे पॅराशूटला लटकलेलं प्रेत आहे, हे सांगायला सायमन रानातून रांगत येतो आणि पोरं त्याला हातांनी, दातांनी फाडतात. इथे ‘जमावाची मानसिकता’ असा मथळा देऊन खाली दोन ओळींत उरकावं. त्या रिंगणात राल्फ होता आणि पिगीही होता, हे लिहिलं की वहीतला तक्ता कोलमडतो.

दुसऱ्या दिवशीचं संभाषण तर वाचूच नये. राल्फ म्हणतो, तो खून होता. पिगी म्हणतो, अंधार होता, विजा कडाडत होत्या, आपण घाबरलो होतो, अपघातच तो. शिवाय आपण कडेला होतो. जुळे भाऊ सॅम आणि एरिक सांगतात, आम्ही दमलो होतो, लवकर निघालो. बोलताना सॅमचा हात कपाळावरच्या ओरखड्याकडे जातो आणि घाईने खाली येतो. एरिक फाटलेला ओठ चाचपतो. चौघांतलं कुणीच तिथे नव्हतं, मग सायमनला मारलं कुणी?

गाइड लिहिणाऱ्यांचा आद्यपुरुष पिगीच. त्याचीच शैली गिरवावी. उत्तरात ‘मानवजात’ हा शब्द ढिगाने वापरावा. ‘आपण’ जपून, ‘मी’ तर नकोच.

पुरवणी घेतलीच असेल तर टोंगाची सहा पोरं घालावीत. १९६५ मध्ये ती अता बेटावर अडकली, वर्षाहून अधिक काळ गुण्यागोविंदाने राहिली. एकाचा पाय मोडला तेव्हा बाकीच्यांनी तो बांधून नीट केला. गोष्ट खरी आहे आणि फार चांगली आहे. म्हणजे गोल्डिंग चुकला, माणूस मुळात सज्जन, असा निष्कर्ष काढावा. परीक्षकालाही रात्री शांत झोप लागते.

शेवटच्या प्रकरणावर पाच मार्कांची टीप येते : नौदल अधिकाऱ्याचं आगमन. पांढराशुभ्र गणवेश, कमरेला पिस्तूल. ब्रिटिश पोरांकडून याहून बरी अपेक्षा होती, असं तो म्हणतो. ‘अखेर सुसंस्कृत जग बेटावर पोहोचतं’ असं लिहून खाली रेघ मारावी. त्याची युद्धनौका कुणाची शिकार करायला निघाली आहे, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.