पन्नाशीतलं पौगंड
शुक्रवारी पॉप पंकचे नवे अल्बम येतात आणि परीक्षणकर्त्यांची पंचाईत होते. जुन्यासारखं वाजलं तर ‘त्याच तीन कॉर्ड्‌स’, वेगळं वाजलं तर ‘बँड विकला गेला’. ग्रीन डेवर हा आरोप १९९४च्या ‘डूकी’पासूनचा, गुन्हा काय, तर मोठ्या कंपनीशी करार! ब्लिंक-१८२चा ‘वन मोअर टाइम’ २०२३मध्ये आला तेव्हा बँडमधला मार्क हॉपस एक्कावन्न वर्षांचा होता. अशा वेळी परीक्षणात शब्द ठरलेला: ‘परिपक्व’. म्हणजे आईबापांवर वैतागलेली गाणी आता आईबापांनीच लिहायची. असो, आपणही काही कमी नाही. मार्च २०२५मध्ये ग्रीन डे महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजले. व्यवस्थेविरुद्ध मूठ उगारायची होती. फक्त आधी मनगटावरचा पट्टा स्कॅन करून घ्यावा लागला.