देश चालवणाऱ्या आजोबांसाठी काही सूचना

आजोबा होण्यासाठी कुठलीही पात्रता परीक्षा नसते. नातवंड जन्मले की पद आपोआप मिळते. अधिकार मात्र पदाबरोबर येत नाहीत. टीव्हीचा रिमोट, चहातली साखर आणि मुलाच्या नोकरीचे निर्णय हळूहळू हातचे जातात. उरतो तो देश. तो नीट चालवता यावा म्हणून हे मार्गदर्शन.

सुरुवात पेपरापासून करावी. घडी मोडायचा मान आजोबांचाच, हे घरात एकदा मोठ्या आवाजात सांगून ठेवावे. छापून आलेल्यावर मात्र लगेच मत देऊ नये. २३ नोव्हेंबर २०१९ चा शनिवार आठवावा. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, हा मथळा वाचून कितीतरी आजोबा मुलाला झोपेतून उठवून आघाडीचे गणित समजावत होते. तोवर तिकडे राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलाही होता. चहा निवायच्या आत पेपर शिळा झाला. मुरलेले आजोबा तरीही डगमगले नाहीत. "मी म्हणतच होतो," असे ते त्या सकाळी म्हणाले, २६ तारखेला राजीनामे आले तेव्हा म्हणाले आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर ठाकऱ्यांनी शपथ घेतली तेव्हाही म्हणाले. हे वाक्य पाठ करून ठेवावे. ते कुठल्याही निकालाला चालते.

त्यानंतर जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला आणि जुलै २०२३ मध्ये दुसरा. इथे जरा जपून. फुटलेल्या आमदारांबद्दल "असेल बिचाऱ्यांची काही अडचण" असे म्हणण्याइतके मन मोठे करता येते. पण मुलाने वेगळ्या फ्लॅटचा विषय काढला की तेच मन आखडते. नातवंडांच्या हे बरोबर लक्षात येते. तसे झालेच, तर गाडी १९७२ च्या दुष्काळाकडे वळवावी. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, दुष्काळी कामावर फोडलेली खडी, वाटीभर सुकडी. समोरचा गप्प बसतो, निदान मोबाइलमध्ये तोंड घालतो.

सरकारी योजनांत आजोबांनी घरातल्या कुणालाही हार जाऊ नये. एसटीत २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर तिकीट नाही आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. त्यामुळे शहात्तर वर्षांचे आजोबा फुकट आणि शेजारी बसलेल्या अडुसष्ट वर्षांच्या आजी अर्ध्या तिकिटात, असा प्रवास घडतो. आजोबांनी हा मोठेपणा एका फेरीत एकदाच मिरवावा. कारण आजींचे दुखणे वेगळे आहे. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या घरात सुनेला महिना १५०० रुपये सुरू झाले आणि पासष्टी उलटलेल्या सासूबाई वयात बाद ठरल्या. त्यांच्यासाठी वयोश्री योजनेत ३००० रुपये आहेत, तेही एकदाच. "लाडकी कधी नव्हतेच, आता सरकारनेही तसे लिहून दिले," असे आजी म्हणाल्या, तर आजोबांनी खिडकीबाहेर पाहावे.

कट्ट्यावर एकमत हवे असेल, तर रेल्वेचा विषय काढावा. पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळणारी ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांचे आजोबा या मुद्द्यावर एका बाकावर बसतात. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याची सोय देणारा २००७ चा कायदाही तोंडपाठ असावा, पण जेवणाच्या ताटावर त्याचे नाव काढू नये. कायद्याने पैसे मिळतील, गरम भाकरी मिळण्याची हमी त्यात नाही.

सगळ्यात अवघड काम नोव्हेंबरात येते. राष्ट्राच्या भवितव्यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावायची. आता चेहरा दाखवला तरी चालते, फक्त फोन नातवाचा लागतो. तो आजोबांना खिडकीपाशी उजेडात बसवतो आणि फरमान सोडतो, "आजोबा, बोलू नका. डोळे मिचकवा." आजोबा डोळे वटारतात. "मिचकवा म्हटलं, वटारू नका!" तिसऱ्या खेपेला जमते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून विचारते, "बाबा, झालात का जिवंत?" यावर राजकीय भाष्य करू नये.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना हा हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरच्या आत द्यावा लागतो. ऐंशी ओलांडलेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. नातवाच्या सहामाहीचे वेळापत्रक बघून दिवस आधीच ठरवून घ्यावा.