काकूंचं रेकॉर्डिंग

"काकू, कालपासून तुमच्या खिडकीतून 'शिफ्ट धरा आणि पाच दाबा' असं ऐकू येतंय. कुणाला मंत्र देताय?"

"मंत्र कसला गं! शाळेतून निवृत्त झाले, पण शाळा काही मला सोडत नाही. नव्या शिक्षिकांना मराठी टायपिंग शिकायचंय. ज्ञ कुठे, क्ष कुठे, हलन्त कुठे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डमध्ये हलन्त डी वर असतो, हे एकेकीला फोनवर सांगून माझा घसा बसला. म्हटलं, एकदाच व्हिडिओ करून ठेवावेत. पण कॉम्प्युटरचा पडदा रेकॉर्ड करायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, तिथेच गाडं अडलंय. पुतण्या म्हणतो, कॅम्टेशिया घे."

"पैसे पुतण्या भरणार आहे का?"

काकू हसल्या. भरणार नाही, हे दोघींनाही ठाऊक.

"तसं ते वाईट नाही हो," मी म्हटलं. "टेकस्मिथ म्हणून अमेरिकन कंपनी आहे, तिचं. माउसच्या टोकाभोवती पिवळा ठिपका, बाण, हवा तो भाग मोठा करून दाखवणं, कापाकापी, सगळं एकाच ठिकाणी. पण वर्षाची वर्गणी भरावी लागते. ज्याची पोळी त्यावर पिकते त्यानं खुशाल घ्यावं. तुमचे होऊन होऊन व्हिडिओ किती, दहा-बारा?"

"कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्यांनी म्हणे सगळं आणलंय. माइक काय, दिवे काय."

"आणि व्हिडिओ किती केले? एक. तोही गणपतीच्या आरासीचा."

(हे मी हळू आवाजात म्हटलं. आमच्या गल्लीत भिंतींना कान आहेतच, पण गच्च्यांना जास्त आहेत.)

"मग विंडोजमधलंच वापरू का? विंडोज आणि जी दाबलं की एक पट्टी येते म्हणे."

"ती गेम बार. खेळणाऱ्या पोरांसाठी केलेली. एका वेळी एकाच प्रोग्रामची खिडकी टिपते. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर दाखवायचं म्हटलं तर नाही. तुम्हाला वर्डमध्ये टाइप करताना खाली पडद्यावरचा कीबोर्डही दिसायला हवा ना? कुठली कळ दाबली ती तिथे उजळते, शिकणारीला तेच तर बघायचंय. इलेव्हन असेल तर त्यातल्या स्निपिंग टूलमध्येही रेकॉर्डिंग आहे, दोन-चार मिनिटांच्या कामाला छान."

"माझं टेन आहे."

"मग सरळ ओबीएस घ्या. फुकट, खुल्या स्रोताचं, 2012 पासून आहे. वॉटरमार्क नाही, वेळेची मर्यादा नाही. कितीतरी फुकट म्हणवणारी सॉफ्टवेअर दहा मिनिटांनी थांबतात, नाहीतर व्हिडिओच्या डोक्यावर स्वतःचं नाव छापतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका."

"अगं, उघडलं होतं मी ते. नुसतं काळं! बंद केलं."

"काळंच असतं सुरुवातीला. काय दाखवायचं ते आपण सांगितल्याशिवाय ते काही दाखवत नाही. खाली सोर्सेस म्हणून चौकट आहे, तिथलं अधिकचं चिन्ह दाबायचं, डिस्प्ले कॅप्चर निवडायचं. झालं, अख्खा पडदा आत. आणि एक करा, फाइल एमकेव्हीतच ठेवा, एमपी4 करायला जाऊ नका."

"का? मोबाइलवर तर एमपी4च चालतं."

"आपल्याकडची वीज. साध्या एमपी4 फाइलीचा हिशेब शेवटी लिहिला जातो. मधेच लाइट गेली की हिशेब राहतो आणि फाइल उघडतच नाही. अर्धा तास बोललेलं पाण्यात. एमकेव्हीत लाइट जाईपर्यंतचं शाबूत राहतं. तुमच्या कॉम्प्युटरला यूपीएस आहे?"

"होता. बॅटरी गेली."

"मग एमकेव्हीच. नंतर फाइल मेनूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज म्हणून आहे, त्यातून एमपी4 होतं, काही सेकंदांत. चित्राला धक्का लागत नाही."

काकूंनी कुंपणावर वाळत घातलेला टॉवेल उलटा केला आणि मुद्द्याचं विचारलं: "माझा आवाज चांगला येईल का गं?"

खरं तर हाच प्रश्न लोकांनी आधी विचारायला हवा. चित्र जरा धूसर असलं तरी माणूस बघतो. आवाज फाटला की पुढच्या क्षणी बंद करतो. सॉफ्टवेअरवर महिनाभर काथ्याकूट करणारे लॅपटॉपच्या पोटातल्या माइकवर बोलतात, आणि ऐकू काय येतं, तर पंखा.

"पंख्याची घरघर ओबीएसमधला नॉइज सप्रेशन फिल्टर बरीच कमी करतो," मी सांगितलं. "पण कुकरची शिट्टी त्याला झेपायची नाही. कपाट आहे त्या खोलीत बसा, गाद्या-गोधड्या असल्या की आवाज घुमत नाही. मोबाइलच्या इयरफोनचा माइकसुद्धा लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. खाली आवाजाची पट्टी हलते, ती बोलताना पिवळ्यात राहिली पाहिजे. लालात गेली की आवाज फाटला समजा."

"आणि घंटागाडी?"

"ती येऊन गेल्यावर बसा. त्या गाण्यावर यूट्यूबनं हक्क सांगितला तर आपण काय नगरपालिकेचा दाखला जोडणार?"

"व्हॉट्सॲपही बंद ठेवते. परवा सूनबाईचा निरोप पडद्यावर टपकला. ज्ञ शिकता शिकता घरचं सगळं पुराण शिक्षिकांना कळायचं."

"काय लिहिलं होतं?"

"ते राहू दे."

(मी फार ताणलं नाही. संध्याकाळी कळेलच.)

"आणि काकू, अक्षर मोठं ठेवा. तुमचा पडदा हातभर, बघणारीचा तळहाताएवढा. वर्डमध्ये झूम दोनशे टक्के करा, विंडोजचं स्केलिंगही वाढवा. आधी दोन मिनिटांचंच रेकॉर्ड करायचं आणि आपल्याच फोनवर बघायचं. वाचता आलं, ऐकू आलं, तर पुढे जायचं."

"बोलताना अडखळते गं मी. वर्गात नाही अडखळले कधी."

"लिहून काढा आधी. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्यूटोरियल माहितीये? त्यांचं असंच असतं. संहितेला दोन रकाने, एकात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोलायचं. धडा साधारण दहा मिनिटांचा, शिकणारानं शेजारी खिडकी उघडून बरोबर करत जायचं. बोलणं असं वेगळं लिहिलेलं असतं म्हणून तर तेच धडे मराठीतही आणता येतात. तुम्ही दहाच्याही आत राहा. एका व्हिडिओत एकच गोष्ट. हलन्ताला वेगळा, रफाराला वेगळा. चुकलंच तर थांबू नका, जरा गप्प राहून तेच वाक्य पुन्हा म्हणा. मधलं नंतर शॉटकटमध्ये कापता येतं. तेही फुकट."

"फुकट म्हणतेस, पण हे सगळं बसवून कोण देणार?"

"मी आहे की. रविवारी येते. तुमचे धपाटे झाले की लगेच."

"ये. पण एक सांग, कोपऱ्यात माझा चेहरा दिसायला हवा का? पुतण्या म्हणतो, सगळे ठेवतात."

"त्या कोपऱ्यात तुमच्या कीबोर्डच्या कळा आहेत. चेहरा ठेवलात तर एंटर झाकली जाईल."

काकू क्षणभर गप्प झाल्या.

"बरं, नको. पण शेवटच्या व्हिडिओत टायपिंग नाहीच आहे, नुसतं सगळ्यांचे आभार. तिथे ठेवू. निवृत्तीच्या वेळी दिलेल्या पैठणीची घडी अजून मोडलेली नाही."