मुलं बंद, माहिती चालू

ऑडॅसिटी हा आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि त्याची कापाकापी करायचा फुकट प्रोग्रॅम. २००० साली तो लोकांच्या हाती आला आणि पुढची एकवीस वर्षं खाली मान घालून राबला. बाबा रे, तू कोणता इफेक्ट लावलास, असं त्याने कधी कुणाला विचारलं नाही. इतका निर्विकारपणा या युगात शोभत नाही.

२०२१च्या एप्रिलअखेर म्यूझ ग्रुप या कंपनीने तो ताब्यात घेतला आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात टेलिमेट्रीचा, म्हणजे वापराची माहिती आपोआप कंपनीकडे धाडण्याचा, प्रस्ताव आला. प्रोग्रॅम कधी उघडला, कधी मिटला, कोणते इफेक्ट वापरले, फाइल कोणत्या प्रकारची, चूक कुठे झाली, सगळी आपुलकीची विचारपूस. हिशेब ठेवायला गूगल आणि यांडेक्स. तुम्ही खोकला कापलात की नाही याची काळजी अमेरिका आणि रशियाने मिळून वाहावी, हा सलोखा संयुक्त राष्ट्रांतही दिसत नाही. आधी परवानगी विचारू, असं कंपनी म्हणत होती आणि ते खरंही होतं. पण लोक कृतघ्न. गिटहब या कोडच्या चव्हाट्यावर हजारोंनी अंगठे खाली केले आणि त्याच महिन्यात प्रस्ताव गुंडाळावा लागला.

जुलैत गोपनीयता धोरण आलं. आता फक्त नव्या आवृत्तीची चौकशी आणि बिघाडाचे अहवाल, बाकी काही नाही. पण वकिलाच्या लेखणीला कोण आवरणार? सरकारी यंत्रणांना लागेल ती माहिती, असं एक मोघम कलम. आयपी पत्ता ओळखू येईल असा एकच दिवस ठेवू, हे दुसरं. आणि १३ वर्षांखालच्यांनी कृपया ऑडॅसिटी वापरू नये! यातला तर्क थक्क करणारा आहे. लहान मुलांची माहिती गोळा करणं कायद्याच्या कटकटीचं. मग बंद काय करायचं? मुलं. ज्या जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली हा प्रोग्रॅम वाटला जातो, त्यात वापरणाऱ्यावर अशी जादा अट लादता येत नाही, हा क्षुल्लक तपशील. परवाना प्रोग्रॅमर वाचतात, धोरण वकील लिहितात. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही.

काही वार्ताहरांनी थेट ‘स्पायवेअर’ म्हटलं. हे अतीच झालं. हेर इतकं लिहून देत नाहीत.

शब्दरचना संदिग्ध होती, असा खुलासा करून कंपनीने धोरण नव्याने लिहिलं आणि मुलांना परत घेतलं. तोवर काहींनी सोर्स कोड उचलून ‘टेनॅसिटी’ नावाची वेगळी चूल मांडली होती. त्या पंगतीला रोज किती पानं उठतात, ते कळायला मार्ग नाही. तिथे टेलिमेट्री नाही.