चौथी सीट

विरारहून सुटणाऱ्या चर्चगेट लोकलच्या बायकांच्या डब्यात मला आजवर कुणीही पवित्र त्रैक्याबद्दल विचारलेलं नाही. देव एक की तीन, हा प्रश्न सकाळच्या गर्दीत कुणाला पडत नाही. पडतात ते असे: तुमच्यात मंगळसूत्र घालतात का? नाताळच्या केकमध्ये खरंच दारू असते? फादर लग्न करत नाहीत, मग त्यांचा डबा कोण करतं? या शेवटच्या प्रश्नावर ख्रिस्तसभेच्या कुठल्या महापंडिताने ग्रंथ लिहिला असेल असं वाटत नाही, पण आमच्या डब्यात तो भाईंदरपासून बोरिवलीपर्यंत पुरला होता.

वसईला गाडी येते तेव्हा विरार-नालासोपाऱ्याच्या बायका आधीच बसलेल्या असतात. आमच्या वाट्याला येते ती चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर उरलेली चार बोटं जागा. अर्धं अंग बाकावर, अर्धं वाऱ्यावर. या बैठकीत लांबण लावायची सोयच नसते. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ साली धर्मगुरूंना बजावलं होतं की प्रवचन आठ मिनिटांपुढे नेऊ नका, लोकांना झोप येते. चौथ्या सीटवरच्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. वसई सुटली की नायगावपर्यंत उत्तर संपवायचं. पुढे खाडीच्या पुलाचा खडखडाट सुरू झाला की पोपचंसुद्धा कुणाला ऐकू जायचं नाही.

याच पोपनी २०१३ साली ‘इव्हांजेली गाउदियुम’ या पत्रात साध्या गप्पांतून होणाऱ्या धर्मोपदेशाबद्दल लिहिलं आहे. मथितार्थ असा, की आधी समोरच्याला बोलू द्यावं, त्याची सुखदुःखं ऐकून घ्यावीत. देवाच्या वचनाची पाळी त्यानंतर, तीही नम्रपणे. आमच्या नात्यातल्या एका काकांपर्यंत हे पत्र पोचलेलं दिसत नाही. त्यांच्याशी पावसाबद्दल बोला, ते नोहाच्या तारवात शिरतात. महागाईचं काढा, ते मिसर देशाच्या सात दुष्काळी वर्षांवर येतात. माणूस सोन्यासारखा, रात्री-बेरात्री कुणाच्याही दवाखान्यासाठी धावणारा. पण लग्नाच्या मांडवात त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. त्यांनी नुसतं धावावं, असं मला फार वाटतं.

डब्यातला सगळ्यांत जुना प्रश्न म्हणजे, “तू ख्रिश्चन ना? मग एवढं चांगलं मराठी कसं?” पूर्वी मी तावातावाने इतिहास सांगायचे. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते, त्यांची आडनावं आमच्याकडे राहिली, पण घरात बोलणं सामवेदी नाहीतर वाडवळीच, इथपर्यंत येता येता नायगाव यायचं. फादर स्टीफन्स यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, हे सांगायचं तर गाडी सिग्नलला अडकावी लागायची. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले आणि माझं काम हलकं झालं. “दिब्रिटोंच्या वसईची,” एवढं म्हटलं की भागतं.

पण खरी धर्मचर्चा झाली ती एका राखेच्या बुधवारी. सकाळची मिस्सा आटोपून मी धावतपळत गाडी पकडली होती. त्या दिवशी धर्मगुरू कपाळावर राखेचा क्रूस काढतात, माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे याची आठवण म्हणून. मी टेकते न टेकते तोच सावंतबाईंनी माझी हनुवटी धरली. “अगं, केवढं काळं लागलंय! आरशात बघून तरी निघावं,” म्हणत बाटलीतल्या पाण्याने रुमाल ओला केला आणि दोन फटक्यांत माझं अख्खं प्रायश्चित्त पुसून काढलं.

मग सांगणं भाग होतं. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या घरोघर जपून ठेवतात, त्या जाळून ही राख करतात. डबा चिडीचूप झाला. सावंतबाई रुमालाकडे बघत राहिल्या. “आता हा धुवायचा की नाही गं?”

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यात १७५२ कलमं आहेत. सावंतबाईंच्या रुमालाची त्यात सोय नाही. मी म्हटलं, “धुवा, पण पाणी मोरीत सोडू नका, झाडाला घाला.” दुसऱ्या दिवशी त्यांनी चढताचढताच वर्दी दिली, “तुळशीला घातलं हो.” सगळ्यांना ते रास्त वाटलं, आणि मलाही त्यात सुधारणा सुचवावीशी वाटली नाही.

राखेमागोमाग उपवास आलाच. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकच पूर्ण जेवण, उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस बंद, हे सगळ्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. “आणि मासे?” नेनेकाकूंनी मेथी निवडता निवडता विचारलं. मासे चालतात, म्हणाले आणि फसले. “पापलेट खाऊन उपवास? मग आम्हाला घ्या गं तुमच्यात!” आमच्या डब्यात धर्मांतराचा विषय निघाला तो एवढाच, आणि तोही पापलेटपायी. मी एकादशीची खिचडी, वरीचे तांदूळ आणि रताळ्याचा कीस पुढे केल्यावर काकूंनी तह केला.

एरवी तो विषय मी स्वतःहून काढत नाही. धर्मप्रसार म्हटलं की हल्ली माणसं अंग आखडून बसतात. त्यांचं सगळंच चुकतं असंही नाही. जिच्या मांडीवर आपली पर्स ठेवून आपण निर्धास्त डुलकी काढतो, तिच्यावर धर्माचा गळ टाकून बसायचं, हे मला ख्रिस्ती वागणं वाटत नाही. विचारलं तर सांगावं, विचारलं तेवढंच सांगावं.

कन्फेशनचं असंच विचारलं गेलं. फादर ऐकलेलं कुणाला सांगत नाहीत? नाही. बिशपना? नाही. पोलिसांना? नाही, गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला ख्रिस्तसभा बहिष्कृत करते. “बाई, असा एक माणूस आमच्या सोसायटीत हवा,” सावंतबाई म्हणाल्या. एकीने सासूला पाठवायची तयारी दाखवली, दुसरीने सेक्रेटरीला. बोरिवलीपर्यंत हसणं चाललं होतं.

नालासोपाऱ्याची एकजण तेवढी हसली नाही. उतरायच्या तयारीने दाराशी उभ्या होतो तेव्हा तिने हळूच विचारलं, “तुमच्यातलं नसलं तरी ऐकून घेतात का गं फादर?”

तो संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांचा असतो, हे मी तिला सांगितलं. पण नुसतं मन मोकळं करायला बाप्तिस्मा लागत नाही, हेही सांगितलं. काय झालंय ते विचारलं नाही. “रविवारी नको, गर्दी असते. मधल्या वारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर ये. मी फादरना सांगून ठेवते आणि फाटकापाशी थांबते.”

तिने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाली, “चप्पल कुठे काढायची?”

“काढायची नाही. तशीच आत यायचं.”

“चप्पल घालून? देवासमोर?” हे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की नेनेकाकूंची मेथी थांबली.

“हे मात्र तुमच्यात चुकतं हं,” काकू म्हणाल्या. सावंतबाईंनी दुजोरा दिला, आणि अंधेरी येईपर्यंत मला कुणी बोलू दिलं नाही.