एका ओळीत एक माणूस

वाचनालयाची सभासद-यादी साध्या मजकुराच्या फायलीत ठेवणे हे वेड आहे, आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यात प्रत्येक वाचनालयाला ते लागावे असे मला मनापासून वाटते. एका ओळीत एक माणूस: नाव, गाव, वर्गणी, तारीख, मध्ये उभी रेघ. शहाण्यांनी तयार सॉफ्टवेअर घ्यावे. वेड्यांनी आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी १९७७ साली बेल लॅब्जमध्ये घडवलेले, रकान्यांवर काम करणारे ऑक घ्यावे, वर्गणीचा रकाना बदलावा आणि सॉर्ट या आज्ञेने ओळी क्रमाने लावाव्यात.

इथली नोंद एका लिपीत मावतच नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. २०१४ साली त्याच तारखेला कागदोपत्री बेळगावी झाले. म्हणून यादीत कुणी बेळगाव लिहितो, कुणी बेळगांव, कुणी बेळगावी, कुणी इंग्रजीत, कुणी कन्नडमध्ये. माणसे एकाच गल्लीतली, पण सॉर्ट युनिकोडच्या क्रमाने चालला की आधी रोमन, मग देवनागरी, शेवटी कन्नड. आडनावांचेही तेच. क्षीरसागर आपण ज्ञच्या शेजारी शोधतो आणि तो सापडतो कच्या शेवटी, कौलगुडांच्याही खाली.

शहाणे सॉफ्टवेअर यावर गावांची ठरीव यादी पुढे करते: यातले एक निवडा. वेडा माणूस फायलीत आणखी एक रकाना घालतो, गावाच्या क्रमांकाचा. ओळी क्रमांकाने लागतात आणि गावाचे नाव सभासदाने लिहिले तसेच राहते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७ साली इकडची गावे तिकडे सुचवली, २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढे सोसलेल्या माणसाचा पत्ता कारकुनाच्या सोयीसाठी बदलू नये, असे मी मानतो.

पथ्य एकच, पण कडक. सॉर्टचे उत्तर बाणाच्या चिन्हाने त्याच फायलीत वळवले, तर आज्ञा चालवणारे शेल आधी फाईल रिकामी करते आणि सॉर्टला वाचायला काही उरत नाही. नेहमी नवी फाईल लिहावी, ओळी मोजाव्यात, मगच जुनीच्या जागी ठेवावी. तारीखही वर्ष, महिना, दिवस अशी लिहावी, नाहीतर दरवर्षीची एक तारीख सगळ्यात वर येऊन बसते. शेवटी, जपून ठेवलेल्या मागच्या प्रतीशी तुलना करणारे डिफ चालवून बदललेल्या ओळी तेवढ्या छापाव्यात आणि समितीच्या बैठकीत मोठ्याने वाचाव्यात. चुकलेली वर्गणी तिथल्या तिथे कुणीतरी सांगतोच.